खळ्याची वही

काल रात्री साडेदहाला घरी आलो. सदरा दारातच काढून झटकला, न्हाणीत चार तांबे कोमट पाणी अंगावर घेतलं, तरी मानेवरची कूस गेली नाही. जोंधळ्याची, म्हणजे ज्वारीची, ही बारीक खाजरी कूस काय असते ते मळणीवर उभं राहिलेल्यालाच ठाऊक. डोळ्यांना दिसत नाही आणि रात्रभर झोपू देत नाही. झोप लागेना म्हणून उठून वही काढली आणि यंदाची खळी मोजली. 41.

मी मंगळवेढ्याचा. गावाबाहेर मरवड्याच्या वाटेला आमची वस्ती आहे. थोडी शेती आणि धंदा मळणीचा. ट्रॅक्टरला जोडायचं मळणीयंत्र, आमच्याकडं त्याला हडंबा म्हणतात, ते घेऊन फेब्रुवारी लागला की मी वस्त्या-वस्त्यांवर फिरतो ते पाडव्यापर्यंत. 1998 साली वडिलांनी आणि मी मिळून पहिलं मशीन आणलं. त्या वर्षापासून प्रत्येक खळ्याची नोंद वहीत आहे. तारीख, खळं कुणाचं, रान कुठलं, पोती किती झाली, मजुरी रोख की धान्यात. वडिलांनी घालून दिलेली शिस्त. 2000 सालच्या वहीत 128 खळी आहेत.

आता मशीनं वाढली म्हणून तुझी खळी कमी झाली, असं कुणीही म्हणेल. थोडं खरं आहे ते. पण मी अजून त्याच वाटांनी जातो, आणि त्या वाटेवरच्या ज्या रानात मी वीस वर्षं मळणी केली तिथं आज दुसरं मशीन उभं नसतं. तिथं ऊस असतो, मका असते, नाहीतर रान पड असतं.

आमचं रान बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा दाखवलं की तो विचारतो, झाडं कुठं गेली? झाडं नाहीतच. गावाभोवतीचं काळं शिवार नजर पोचेल तिथवर सपाट आहे. पावसाळाभर हे रान मोकळं ठेवायचं. जून-जुलैत सगळा मुलूख पेरणीच्या घाईत असतो तेव्हा आमचा शेतकरी नुसता कुळव मारतो. पाऊस पडला, तण उठलं, की पुन्हा कुळव. कुणी धनगराची मेंढरं बसवून घेतं. पडेल ते पाणी त्या काळ्या मातीला पाजत राहायचं, एवढंच काम. मग उत्तरा-हस्ताच्या पावसानंतर वाफसा आला, म्हणजे माती पेरण्याजोगी सुकली, की तिफण जुंपायची. पेरल्यावर एखादा पाऊस झाला तर देव पावला. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' ही म्हण कुठंही म्हणत असतील, पण आमच्याकडं ती म्हणताना माणूस खरंच मोत्यासारखा पांढरा गोल दाणा डोळ्यांपुढं आणून म्हणतो. आणि नाही पडला पाऊस, तरी खालची ओल आणि पहाटेचं दव एवढ्यावर ज्वारी चार महिने काढते. विहीर नाही, मोटार नाही, पाट नाही.

जानेवारीत रान भेगाळायला लागतं. भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. त्या भेगांतून आतली ओल उडून जाते, म्हणून आधीच कोळपण्या करून वरची माती भुसभुशीत ठेवायची. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुनी माणसं सांगत. आमच्या आज्याला शाळा माहीत नव्हती, पण कुठल्या रानात माती किती हात खोल आहे ते तो नुसत्या ज्वारीच्या रंगावरून सांगायचा. वरच्या अंगाचं हलकं रान आधी पिवळं पडतं. खोल मातीतलं ताट शेवटपर्यंत हिरवट राहतं.

हे मी विस्तारानं लिहितोय कारण पुढचं सगळं या मातीच्या खोलीवर अवलंबून आहे.

आमच्या वस्तीवर सहा घरं. अशाच वस्त्या दर अर्ध्या-पाऊण मैलावर, चार घरांच्या, दहा घरांच्या. ज्वारीची काढणी आम्ही विळ्यानं करत नाही. ताट मुळासकट उपटायचं, कारण कडब्याची एक वीतसुद्धा सोडायची नाही. जनावरांचं वर्ष त्या कडब्यावर असतं, आणि वाईट सालात दाण्यापेक्षा कडबाच घर तारतो. पण एक एकर ज्वारी हातानं उपटायची म्हणजे काय असतं ते करून बघायला पाहिजे. काळी माती वाळून दगडासारखी झालेली. पहिल्या दिवशी तळहाताला फोड, दुसऱ्या दिवशी ते फुटतात, तिसऱ्या दिवसापासून हाताला चिंध्या बांधून पात धरायची. एकट्या घराला हे झेपत नाही. आणि वेळही थांबत नाही. तयार ज्वारीवर अवकाळी पावसाचे दोन शिंतोडे पडले तरी दाणा काळा पडतो.

म्हणून सावड. सहा घरांतली सगळी माणसं मिळून एकेकाचं रान काढायची. आधी कुणाचं, यावरून भांडण कधी झालेलं मला आठवत नाही, कारण तो क्रम मातीनंच लावलेला असायचा. ज्याचं रान हलकं त्याची ज्वारी आधी वाळते, त्याचं आधी. तिथून खाली उतरत उतरत शेवटी ओढ्याकाठच्या खोल रानात. आमचं रान चौथं यायचं. आई त्या दिवशी पहाटे तीनला उठून भाकरी थापायला बसायची. वीस-बावीस माणसांच्या भाकरी, पाट्यावर वाटलेला खर्डा, मुगाची आमटी आणि ताक. शेजारच्या घराशी वर्षभर बांधावरून बोलाचाली बंद असली तरी काढणीला त्या घरची माणसं यायची. न येऊन चालणारच नव्हतं. चार दिवसांनी त्यांच्या रानात आमचे हात लागणार होते.

माझं म्हणणं एवढंच आहे. आमच्या वस्त्या ज्वारीनं बांधलेल्या होत्या. एकाच आठवड्यात सगळ्यांना सगळ्यांचे हात लागायचे, त्यातून ती सहा घरं एक झाली होती. उसाला शेजारी लागत नाही. उसाला पाणी लागतं, तोडीला टोळी लागते, टोळी बाहेरून येते आणि ट्रॅक्टर भरून निघून जाते. डाळिंबाला फवारणीवाला लागतो. शेजारी असला काय, नसला काय.

उसाला मी नावं ठेवत नाही, हे नीट सांगून ठेवतो. भीमेच्या काठाला ब्रह्मपुरी, माचणूर, बठाण, उचेठाण या गावांना पाणी मिळालं, त्यांनी ऊस केला, पोरं शिकवली, घरं बांधली. आमच्या वडिलांनी 1972 च्या दुष्काळात खडी फोडली होती. त्या साली रेशनला अमेरिकेतून आलेला मिलो मिळायचा, तांबडा दाणा. पांढऱ्या ज्वारीच्या मुलखातल्या बायका ती भाकरी थापताना रडायच्या असं आई सांगायची, कारण ती हातातच तुटायची. त्या पिढीला पाणी दिसलं आणि तिनं ते धरलं, यात चूक काय? दक्षिणेकडं भोसे, नंदेश्वर, सलगर या बाजूच्या माळावरच्या गावांनी तर पाण्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. त्यांना ज्वारीचं गाणं सांगायला मी जाणार नाही.

पण आमचं हे खोल काळं रान ऊस पिकवायला केलेलं नाही. निचरा नाही. पाणी देत गेलं की काही वर्षांत रान चिबाड, म्हणजे पाणथळ, होतं, वर पांढरी पुटं येतात. बिनपाण्याचं चार महिन्यांचं पीक काढायला जगात जी थोडी रानं असतील त्यातलं हे एक आहे, असं मला मनापासून वाटतं.

मंगळवेढ्याला लोक संतांची भूमी म्हणून येतात. दामाजीपंतांचं देऊळ बघतात, कान्होपात्रेची आठवण काढतात, चोखोबांचं नाव घेतात, दर्शन घेऊन पंढरपूरला जातात. बहामनी राजवटीत दुष्काळ पडला तेव्हा दामाजीपंतांनी सरकारी कोठारं उघडून धान्य वाटलं, आणि बिदरच्या बादशहाचे पैसे भरायला विठोबा स्वतः महाराच्या वेशात गेला, ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. मी लहानपणापासून ती कीर्तनात ऐकतोय. पण मला नेहमी वाटतं, त्या कोठारात धान्य होतं ते कशाचं? ज्वारीच असणार. कुणाच्या तरी वस्तीवरच्या हातांनी उपटलेली, मळलेली, गाड्या भरून आणून ओतलेली. आणि चोखोबा तर हातांनी काम करता करताच गेले. गावकुसाची भिंत बांधायला मंगळवेढ्याला वेठीनं नेलेल्या माणसांत ते होते, भिंत कोसळली आणि खाली गाडले गेले. ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती नामदेवांनी वेचून पंढरपूरला नेली, महाद्वारासमोर समाधी दिली. पंढरीला गेलो की नामदेव पायरीला आणि चोखोबांना हात लावल्याशिवाय मी पुढं जात नाही. काढणीच्या दिवसांत आमच्याकडं ज्या मजूर बायका यायच्या त्यातल्या एक आजी पात धरायच्या आधी वाकून मातीला हात लावून 'चोखोबा' म्हणायच्या. फक्त तेवढंच. बाकीच्या बायका त्यांच्यासाठी थांबायच्या.

मजूर बायका म्हटल्यावर आठवलं. सावड पुरी पडायची नाही तेव्हा सीमेपलीकडून टोळ्या यायच्या. आमचा तालुका कर्नाटकाला लागून आहे, दक्षिणेच्या गावांत घराघरांत दोन्ही भाषा चालतात. हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाच्या यात्रेला पालख्या भेटतात, भंडारा आणि लोकर उधळतात, तेव्हा कोण कुठल्या राज्यातलं ते विचारायचं कारण पडत नाही. त्या टोळ्यांतल्या बायका आमच्या ज्वारीला 'बिळी जोळा' म्हणायच्या. मजुरी धान्यात मागायच्या, पैसे नको म्हणायच्या. आमच्या ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते हे त्यांना पक्कं माहीत होतं.

या ज्वारीचं नाव मालदांडी. तिच्यातूनच निवड करून मोहोळच्या संशोधन केंद्रावर 1930 च्या दशकात 35-1 हे वाण काढलं, ते आजही पेरलं जातं. मधल्या काळात विद्यापीठांनी फुले वसुधा, फुले सुचित्रा, परभणी मोती अशी चांगली वाणं दिली, काही रानांत ती जास्तही उतरतात. पण घरी खायला कुठली ठेवणार असं विचारलं की माणूस मालदांडीकडं बोट दाखवतो. 2016 साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. वहीच्या त्या वर्षाच्या पहिल्या पानावर मी ते लिहून ठेवलंय.

आता एक हिशेब सांगतो. 2025-26 साठी केंद्र सरकारनं जाहीर केलेला ज्वारीचा हमीभाव असा आहे: संकरित ज्वारी क्विंटलला 3,699 रुपये, मालदांडी 3,749 रुपये. फरक 50 रुपयांचा. संकरित ज्वारी खरिपात पावसावर येते, ताट बुटकं, उतारा जास्त. मालदांडीला रान पावसाळाभर मोकळं ठेवावं लागतं, म्हणजे एक हंगाम सोडावा लागतो, आणि उतारा त्यामानानं कमी. त्या सोडलेल्या हंगामाची, त्या कुळवण्यांची, फोड फुटलेल्या हातांची किंमत शंभर किलोला 50 रुपये. हे वाचून मला राग येतो. हा भाव ज्या कागदावर ठरतो त्यावर भाकरीची चव लिहायला जागा नसेल, मान्य. पण हंगाम सोडल्याचा हिशेब तर मांडता येतो?

हार्वेस्टर का आणत नाही, असं माझा पुतण्या विचारतो. आणतात काही लोक. दाणा मिळतो, पण कडब्याचा चुरा होऊन रानात पडतो. ज्याच्या दारात जनावर नाही त्याला चालतं. ज्याच्या दावणीला दोन म्हशी आहेत तो कडबा विकत घ्यायला निघाला की त्याला शेकड्याचा भाव ऐकून घाम फुटतो. मग तो म्हणतो, ज्वारीच नको, म्हशीही नकोत.

आमचं मशीनसुद्धा या गोष्टीत आहे, ते मी लपवत नाही. मशीन येण्याआधी खळं आठ-आठ दिवस चालायचं. मध्ये तिवडा म्हणजे खांब रोवायचा, त्याभोवती बैलांची पात फिरायची, रात्री पुरुषमाणसं खळ्यावरच झोपायची. मीही झोपलोय, आज्याच्या घोंगड्यात. वाऱ्याची वाट बघत वावडीवर उभे असलेले वडील मला अजून दिसतात. आमचा हडंबा आला आणि आठ दिवसांचं काम दीड तासावर आलं. वडील पहिल्या वर्षी मशीन बंद झाल्यावर रिकाम्या खळ्यात बराच वेळ बसून राहिले होते. काय झालं विचारलं तर म्हणाले, "काय न्हाय, कानात आवाज बसलाय." पुढं ते मशीनवर प्रेमानं काम करत राहिले, शेवटपर्यंत पट्ट्याला मेण त्यांनीच लावलं. पण त्या संध्याकाळी ते कशासाठी बसले होते ते मला आता त्यांच्या वयाकडं सरकताना कळायला लागलंय.

ऑक्टोबर 2020 मध्ये सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, भीमेला पूर आला. पेरलेलं गेलं, ज्यांचं पेरायचं होतं त्यांना वाफसाच मिळेना. त्या वर्षीच्या वहीत फार थोडी पानं भरली आहेत. मला वाटलं होतं पुढच्या वर्षी खळी परत येतील. काही आली. पण एकदा सोडलेली सावड परत येत नाही, हे मी त्यानंतर पाहिलं. ज्या वस्तीत एक वर्ष सगळ्यांनी मिळून काढणी केली नाही, तिथं दुसऱ्या वर्षी कोण कुणाला बोलवणार, हेच कुणाला सुचत नाही. काढणी उक्ती, म्हणजे ठोक पैशांत, देऊन टाकतात. माणसं मिळाली नाहीत तर पुढच्या साली ज्वारी पेरतच नाहीत.

कालचं 41 वं खळं आमच्या वस्तीच्या पलीकडं, ओढ्याच्या वर असलेल्या एका आत्याचं होतं. नात्यातली नाही, पण सगळी वस्ती तिला आत्याच म्हणते. सत्तरी उलटलेली, मालक गेलेले, मुलगा चाकणला कंपनीत. दोन एकर रान. मुलगा म्हणतो विकून टाक नाहीतर वाट्यानं दे. तिनं गेल्या सप्टेंबरात दोन कुळवण्या घालून घेतल्या, स्वतः चाड्यावर मूठ धरली. मधल्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ पत्र्याचा डबा बडवत पाखरं राखली. काढणीला तीन बायका मिळाल्या, त्याही शेवटचे दोन दिवस आल्या नाहीत. मग तिनं एकटीनं उरलेलं उपटलं. कणसं मोडून ढीग घातला, वर ताडपत्री टाकली आणि मला निरोप धाडला.

खरं सांगायचं तर एवढ्याशा ढिगासाठी ट्रॅक्टर आणि मशीन घेऊन जाणं डिझेललाही परवडत नाही. पण ते रान माझ्या पहिल्या वहीत पहिल्या पानावर आहे. 1998, तिसरं खळं. तेव्हा 22 पोती झाली होती, आजूबाजूच्या घरांची पंधरा माणसं खळ्यावर होती आणि मजुरीच्या रकान्यात वडिलांच्या अक्षरात लिहिलंय, धान्यात.

मशीन अर्ध्या तासात बंद झालं. धूळ खाली बसली. दाण्याची छोटी रास, पण काय दाणा होता! पाण्याचा थेंब न देता आलेला, हातात घेतला की गार लागणारा. आत्यानं राशीला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, डोक्यावर पदर घेतला आणि पोतं धरायला मला बोलावलं. आमच्याकडं राशीचं पहिलं माप 'एक' म्हणून मोजत नाहीत. ती घमेल्यानं पोतं भरत गेली. पहिलं शिवून बाजूला ठेवलं तेव्हा म्हणाली,

"लाभ."

मग दोन. मग तीन. चौथं अर्ध्यातच थांबलं. त्या चौथ्यातून तिनं दोन पायल्या मोजून माझ्या पिशवीत ओतायला घेतल्या. मी हात आडवा धरला. म्हटलं, "आत्या, राहू द्या, तुम्हालाच वर्षभर पुरायची न्हाय."

"हात काढ," ती म्हणाली. "खळ्यावरनं कुणी मोकळ्या हातानं जात न्हाय. तुझा बा बी कधी गेला न्हवता."

ट्रॅक्टरच्या दिव्याच्या उजेडात वही गुडघ्यावर ठेवून लिहिलं: मंगळवेढा शिवार, ओढ्यावरचं रान, साडेतीन पोती. शेवटच्या रकान्यात गेली सहा वर्षं मी नुसतं 'रोख' लिहीत आलोय. काल तिथं लिहिलं, धान्यात.